कॅम्पला सायकल पाठवताय? मुलालाही दुकानात घेऊन या

शाळांच्या परीक्षा संपल्या की आमच्याकडे रांग लागते. मुळशी, कामशेत, पाचगणी, नाहीतर थेट हिमाचल, कुठे ना कुठे माउंटन बायकिंगचा समर कॅम्प असतो. बाबा डिकीतून सायकल काढतात आणि म्हणतात, "परवा निघायचंय, जरा बघून द्या." मूल कुठे आहे विचारलं तर ते पोहायला गेलेलं असतं, नाहीतर आजीकडे. मग आम्हाला सांगावं लागतं की ब्रेक, गिअर, चाकं बघून देऊ, पण सायकल कॅम्पसाठी तयार झाली असं म्हणणार नाही. निघायच्या दहा दिवस आधी सायकल आणि मूल दोघांनाही घेऊन या, असं आम्ही सांगतो. यावरून दर उन्हाळ्यात थोडी कुरबुर होते, म्हणून एकदा सविस्तर लिहून ठेवत आहोत.

पत्रक साधारण ८ ते १४ वर्षांच्या, सायकल व्यवस्थित चालवता येणाऱ्या मुलांच्या पालकांसाठी आहे. कॅम्पवाले स्वतःची सायकल देणार असतील तर हेल्मेट आणि सराव एवढंच वाचलंत तरी चालेल.

मूल समोर कशाला लागतं?

"उंची १३८ सेंटीमीटर आहे, त्यावरून सेट करा," असा फोन नेहमी येतो. उंचीवरून चाकाच्या मापाचा अंदाज येतो, त्यापुढे काही नाही. सारख्याच उंचीच्या दोन मुलांच्या पायांच्या लांबीत चांगला फरक असू शकतो, आणि हातांच्या बोटांचं तर विचारूच नका.

आमचा सगळ्यांत जास्त वेळ जातो तो ब्रेकच्या लिव्हरवर. लहान मुलांच्या सायकलींनाही बऱ्याचदा मोठ्यांच्या हाताला शोभतील असे लिव्हर लावलेले असतात. तिथपर्यंत पोचायला नऊ वर्षांच्या मुलाला तळहात ग्रिपवरून पुढे सरकवावा लागतो. सोसायटीच्या आवारात हे खपून जातं. डोंगरउतारावर मात्र कित्येक मिनिटं बोटं ब्रेकवरच असतात. आधी बोटं दुखायला लागतात, मग हँडलवरची पकड सैल होते, आणि नेमका तेव्हाच चाकाखाली दगड येतो. मूल पडलं की घरी सांगतात "ब्रेक लागला नाही". ब्रेक लागत असतो, हात पोचत नसतो.

लिव्हरच्या बुडाशी एक बारीक स्क्रू असतो. काही सायकलींना तो २ मिलिमीटरच्या अ‍ॅलन कीने फिरतो, काहींना फुलीच्या स्क्रू-ड्रायव्हरने. आत फिरवला की लिव्हर ग्रिपजवळ येतो. ऐकायला दोन मिनिटांचं काम. पण लिव्हर जवळ आला की केबल थोडी ओढली जाते आणि ब्रेकचे पॅड चाकाला घासायला लागतात. घासू नये म्हणून केबल सैल सोडावी, तर आता लिव्हरला दाबायला जागाच कमी उरलेली असते. ब्रेक पुरता लागायच्या आधी तो ग्रिपला टेकतो. या दोहोंच्या मधली जागा शोधायची म्हणजे मुलाला बसवायचं, दाबायला लावायचं, उतरवायचं, केबल पाव मिलिमीटर हलवायची, पुन्हा बसवायचं. दोन्ही हातांना हे वेगळं करावं लागतं. आमच्या मेकॅनिकच्या बोटांवरून हा अंदाज येत नाही.

जुळलंय की नाही ते तुम्हीही बघू शकता. मूल सीटवर, तळहात ग्रिपवर जागच्या जागी, मनगट सरळ. तर्जनीचं टोकाचं पेर लिव्हरच्या वाकलेल्या टोकावर आरामात बसलं पाहिजे. पूर्ण दाबल्यावर लिव्हर आणि ग्रिप यांच्यात मुलाचं एक बोट मावेल एवढी फट उरली पाहिजे. आणि मुलाला विचारा, पुढचा ब्रेक कुठला? आपल्याकडे बहुतेक सायकलींना तो उजव्या हाताला असतो, पण काही बाहेरून आलेल्या सायकलींना डाव्या. कॅम्पची सायकल हातात आली की आधी उभ्यानेच दोन्ही ब्रेक दाबून बघायचे, ही सवय लावा.

सीटचं गणित सोपं आहे, पण त्यावर वाद जास्त होतो. टाच पेडलवर ठेवून पेडल अगदी खाली आणलं की पाय सरळ झाला पाहिजे. मग टाचेऐवजी चवडा ठेवला की गुडघ्याला हलका बाक येतो. चढावर हीच उंची हवी. "दोन्ही पाय जमिनीला पुरते टेकले पाहिजेत," असा बऱ्याच आईबाबांचा आग्रह असतो. नुकती सायकल शिकणाऱ्या मुलासाठी तो बरोबर आहे. पण चढावर एवढ्या खाली बसून पेडल मारलं की गुडघा छातीशी येतो, जोर लागत नाही आणि संध्याकाळी गुडघे दुखतात. उतारावर मात्र सीट पाच-सहा सेंटीमीटर खाली हवंच, म्हणजे मागे सरकायला जागा मिळते. म्हणून आम्ही सीटपोस्टवर रंगीत टेपच्या दोन खुणा करून देतो, एक चढाची आणि एक उताराची, आणि सीटची क्लॅम्प उघडून बंद कशी करायची ते मुलाकडून करून घेतो. बाबांकडून करून घेऊन उपयोग नाही, बाबा कॅम्पला नसतात. सीटपोस्टवर कोरलेली कमाल उंचीची रेष फ्रेमच्या बाहेर दिसायला लागली, तर सायकल लहान झाली असं समजा.

"एक साइज मोठीच द्या, वाढतं अंग आहे"

कपड्यांना ठीक आहे. सायकलीला नाही, आणि डोंगरातल्या सायकलीला तर मुळीच नाही. ढोबळमानाने ११५ ते १३५ सेंटीमीटर उंचीला २० इंची चाक, १३० ते १५० ला २४ इंची, त्यापुढे २६. मधल्या मापांत दोन्ही बसू शकतात, तिथे मुलाला दोन्ही सायकलींवर बसवून ठरवायचं. सायकलवरून उतरून दोन पायांत धरून उभं राहिल्यावर वरचा दांडा आणि मूल यांच्यात निदान पाच सेंटीमीटर मोकळे हवेत. खडकाळ वाटेवर मूल अचानक पाय टेकतं तेव्हा हे पाच सेंटीमीटर कामाला येतात.

वजनाचाही विचार करा. बाजारात मिळणारी २४ इंची गिअरची सायकल सहज १४-१५ किलो भरते. ३५ किलोच्या मुलाला ती चढावर हातात धरून ढकलायची असते. पुढचं चाक धरणारा, धक्के झेलणारा जाडजूड सस्पेन्शन फोर्क दिसायला रुबाबदार असतो, पण स्वस्त फोर्कची स्प्रिंग एवढ्या हलक्या वजनाला दबतच नाही. नुसतं वजन वाहायचं. त्यापेक्षा साधा फोर्क आणि जरा रुंद टायर बरा. असं सांगितल्यावर आमची महागडी सायकल विकली जात नाही हे आम्हालाही कळतं. पण आमच्याकडून घेतलेली सायकल लहान झाली की आम्ही परत घेतो आणि पुढच्या मापाच्या सायकलीत तिची किंमत वळती करतो, त्यामुळे 'दोन वर्षांत वाया जाईल' ही धास्ती नको.

दहा दिवस आधी का?

नवी केबल घातली की पहिल्या दोन-चार फेऱ्यांत ती आणि तिचं आउटर, म्हणजे वरचं आवरण, आपापल्या जागी बसतात, आणि काल चोख पडणारे गिअर आज उड्या मारायला लागतात. त्यात बिघाड काही नसतो. पुन्हा एकदा जुळवलं की महिनोन्‌महिने बघावं लागत नाही. पण ती दुसरी जुळवणी करायला सायकल मध्ये चाललेली असावी लागते. डिस्क ब्रेकच्या नव्या पॅडचंही तसंच. बऱ्यापैकी वेगातून पंधरा-वीस वेळा सावकाश ब्रेक लावून वेग कमी केला, की पॅड आणि डिस्क एकमेकांना बसतात. त्याआधी ब्रेक अर्धामुर्धाच लागतो. म्हणून निघायच्या आदल्या दोन दिवसांत आम्ही नवी केबल किंवा नवे पॅड घालून देत नाही. जुनंच साफ करून, जुळवून देतो आणि बिलावर तसं लिहितो. याला कोणी अडवणूक म्हणतं, म्हणू देत.

तिसरं कारण म्हणजे हँगर. अ‍ॅल्युमिनियम फ्रेमच्या बहुतेक गिअरच्या सायकलींना मागचा डिरेलर, म्हणजे चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर नेणारा भाग, ज्या छोट्या तुकड्यावर लटकतो, तो मुद्दाम मऊ धातूचा असतो. सायकल उजव्या अंगावर पडली की तो वाकतो आणि फ्रेम वाचते. वाकलेला हँगर वरवर दिसत नाही, पण सगळ्यांत हलक्या गिअरला डिरेलर आऱ्यांत घुसू शकतो, म्हणजे नेमका चढावर. थोडा वाकलेला असेल तर गेज लावून सरळ होतो. तुटला तर त्या मॉडेलचाच लागतो, एकाचा दुसऱ्याला चालत नाही, आणि मागवायला दिवस जातात. कॅम्पच्या किटमध्ये एक जादा हँगर टाका, फार महाग नसतो.

घरी स्प्रे मारू नका

सायकल वर्षभर बाल्कनीत उभी असते, चेनवर गंज येतो, आणि दुकानात आणायच्या आधी कोणीतरी उत्साहाने गंज काढायचा स्प्रे मारतं. चेनवर मारतानाच तो मागच्या डिस्कवर उडतो. तेलाने भिजलेले पॅड कितीही पुसले तरी सुधारत नाहीत, फेकावेच लागतात. डिस्क आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पुन्हा वापरता येते. रिम ब्रेक, म्हणजे चाकाच्या कडेवर रबर दाबणारा ब्रेक असेल, तर रिम आणि ब्रेकचे रबर यांचंही तेच. चेनला तेल हवं असेल तर पेडल उलटं फिरवत आतल्या बाजूने प्रत्येक कडीवर एकेक थेंब, आणि मग कोरड्या फडक्याने वरचं सगळं तेल पुसून टाका. मे महिन्यातल्या मुरुमाच्या धुळीत तेलकट चेन म्हणजे पॉलिश पेपरच.

हवा, काटे, स्टँड

पेट्रोल पंपावर हवा भरून आणू नका. टायरवर छापलेला मोठा आकडा ही कमाल मर्यादा असते. ३० ते ४० किलोच्या मुलाला, १.९५ ते २.१ इंच रुंदीच्या ट्यूबवाल्या टायरमध्ये, कच्च्या वाटेवर २५ ते ३० पीएसआय पुरते. जास्त भरली की सुट्या मुरुमावर चाक घसरतं. फारच कमी ठेवली की दगडावर आपटल्यावर ट्यूब रिममध्ये चिमटून शेजारी-शेजारी दोन चिरा पडतात. सुरुवात ३० पासून करा.

सह्याद्रीत उन्हाळ्यात खरा त्रास बाभळीच्या काट्यांचा. ट्यूबमध्ये साधारण १०० मिलिलिटर सीलंट भरलं की बारीक काट्याचं पंक्चर जागच्या जागी बुजतं. चिमटून पडलेल्या चिरेला किंवा व्हॉल्व्हपाशी फाटलेल्या ट्यूबला त्याचा उपयोग नाही. जादा ट्यूब लागतेच, आणि ती घेताना जुना व्हॉल्व्ह बघून घ्या. जाड, मोटारसायकलीसारखा व्हॉल्व्ह बारीक छिद्राच्या रिममध्ये जात नाही.

साइड स्टँड, बास्केट, प्लास्टिकचे मडगार्ड आम्ही काढून पिशवीत घालून देतो. हरवत नाहीत. खड्ड्यांतून जाताना स्टँडची स्प्रिंग हबकते, स्टँड खाली येतो आणि डाव्या वळणावर जमिनीला टेकतो.

हेल्मेट

कपाळावर, भुवयांच्या दोन बोटं वर, टेपने डोक्याचा घेर मोजा. खरेदी करताना आत ईएन १०७८ किंवा सीपीएससी असं सुरक्षा मानकाचं नाव छापलेलं आहे का बघा. पट्टे कानाखाली इंग्रजी 'व्ही'सारखे जुळले पाहिजेत, हनुवटीखाली एक बोट जेमतेम शिरलं पाहिजे. आत टोपी नको. लांब केसांच्या मुलींनी उंच पोनी बांधली की हेल्मेट पुढे ढकललं जातं आणि डोळ्यांवर येतं. मानेशी सैल वेणी घाला. एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट वरून धड दिसलं तरी बदला. दादाचं जुनं वापरायचं असेल तर आधी दादाला विचारा.

घरचा सराव

दहा दिवस, सकाळी उन्हाआधी वीस-तीस मिनिटं पुरे. सगळ्यांत आधी सीटवरून उठून, दोन्ही पेडल जमिनीला समांतर ठेवून, कोपर बाहेर काढून नुसतं वाहत जायचं. उतारावर मूल अशाच स्थितीत असणार आहे. बसून राहणाऱ्या मुलाला प्रत्येक दगड पाठीत बसतो. मग रस्त्यावर खडूने रेघ मारा आणि पुढचं चाक बरोबर रेघेवर थांबवायला सांगा. आधी फक्त मागच्या ब्रेकने, मग दोन्हींनी. दोन दिवसांनी हेच सुट्या मातीवर. मागचं चाक घसरलं की मूल घाबरतं, ते घराजवळच घाबरून झालेलं बरं. मेमध्ये वळीव पडून गेला असेल तर त्या ओल्या मातीवरही एकदा करून बघा.

गिअर चढ सुरू होण्याआधी हलका करायचा, चढावर जोर लावत असताना नाही. चेन तुटते किंवा उतरते ती तेव्हाच. कॅम्पच्या आधी एकदा तरी सपाट रस्त्यावर सलग १० किलोमीटर झालेले असावेत, सोबत पाण्याची बाटली, आणि चालत्या सायकलीवर पिण्यापेक्षा थांबून प्यायची सवय.

सायकल पाठवताना

बसच्या डिकीत सायकल आडवी ठेवायची वेळ आली तर डिरेलरची बाजू वर. जागा वाचवायला कोणी हँडल फिरवतं आणि तिकडे उतरवल्यावर ते उलटंच राहतं, मुलाच्या लक्षात येत नाही. डिस्क ब्रेकच्या सायकलीला साधी खूण आहे: बसल्यावर पुढची डिस्क डाव्या हाताला दिसली पाहिजे. उजवीकडे दिसली तर फोर्क उलटा आहे. पेडल काढून दिले असतील तर डाव्या पेडलचे आटे उलटे असतात हे पक्कं सांगून ठेवा. जबरदस्तीने बसवलं की क्रँकचे, म्हणजे पेडल ज्या दांड्यावर बसतं त्याचे, आटे जातात आणि क्रँकच बदलावी लागते.

किटमध्ये एक ट्यूब, दोन टायर लिव्हर, जादा हँगर, पॅडची एक जोडी आणि छोटा मल्टिटूल. आमच्याकडे हे मुलाच्या सायकलीच्या मापाने एकत्र बांधून मिळतं. न वापरलेलं सामान बिल दाखवून परत करता येतं. सर्व्हिसिंगबरोबर मुलाच्या मापाच्या जुळवणीचे वेगळे पैसे आम्ही घेत नाही. फक्त फोन करून वेळ ठरवा, शक्यतो शनिवार-रविवार सोडून, आणि अर्धा तास मोकळा ठेवा. येताना मुलाच्या पायात कॅम्पला न्यायचे तेच बूट असू द्या, सँडल नको. सोलची जाडी बदलली की सीटची उंचीही बदलावी लागते.