कॅलिबर वापरणाऱ्या ग्राहकांसाठी: पुस्तकांचे फोल्डर हाताने आवरू नयेत

कॅलिबर या ई-पुस्तके सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमवर आपला संग्रह लावून घेतलेल्या ग्राहकांची एक तक्रार आमच्याकडे सतत येते. पुस्तकाचे नाव दिसते, मुखपृष्ठही दिसते, मात्र उघडायला गेल्यावर फाइल सापडत नाही. बहुतेक वेळा फाइल संगणकातच असते. घरातील कोणीतरी, चांगल्याच हेतूने, फोल्डर आवरलेले असतात.

संग्रहात पुस्तक घालताना कॅलिबर मूळ फाइल जागेवरच ठेवून तिची स्वतःसाठी वेगळी प्रत करते. ही प्रत लेखकाच्या नावाच्या फोल्डरात, त्याच्या आत पुस्तकाच्या नावाच्या फोल्डरात जाते आणि त्या नावापुढे कंसात एक क्रमांक पडतो. कोणते पुस्तक कुठे आहे याची नोंद ‘मेटाडेटा डॉट डीबी’ या एकाच फाइलमध्ये असते. तुम्ही फोल्डरचे नाव बदलले किंवा फाइल उचलून दुसरीकडे ठेवली, तर या नोंदवहीला ते कळत नाही, आणि ती जुन्याच पत्त्यावर पुस्तक शोधत राहते. याच कारणाने त्या फोल्डरात परस्पर टाकलेली नवी फाइलही कॅलिबरमध्ये दिसत नाही.

मराठी वाचकांचा हात इथे विशेष शिवशिवतो, कारण देवनागरीतील नावे फोल्डरवर रोमन लिपीत, तीही मोडक्यातोडक्या रूपात उमटतात. हा बिघाड नाही. निरनिराळ्या संगणकांवर नावांचा घोळ होऊ नये म्हणून केलेली ती सोय आहे, आणि कॅलिबरच्या आत नाव शुद्ध मराठीतच दिसते. नाव सुधारायचे असल्यास ‘एडिट मेटाडेटा’मधून सुधारावे, म्हणजे फोल्डरचे नाव आपोआप बदलते.

‘आमच्या विषयवार फोल्डरांची रचना तुम्ही का मोडली?’ असेही आम्हाला विचारले जाते. एखादे संतचरित्र फोल्डरात ठेवायचे तर ते एकाच विषयाखाली बसते, पण टॅग, म्हणजे पुस्तकाला जोडायच्या विषयाच्या चिठ्ठ्या, लावल्यास तेच पुस्तक संतसाहित्य, इतिहास आणि ‘आईसाठी’ अशा तिन्ही ठिकाणी सापडते. म्हणून संग्रह लावून देताना आम्ही टॅग लावण्यासाठी वेगळा वेळ देतो. आमचा दर थोडा अधिक वाटतो, तो यामुळेच.

संपूर्ण संग्रह दुसऱ्या डिस्कवर न्यायचा असेल तर लायब्ररीच्या बटणाखालील ‘स्विच/क्रिएट लायब्ररी’मधून तो हलवावा. बॅकअपसाठी मात्र, कॅलिबर बंद करून, लायब्ररीचा पूर्ण फोल्डर जसाच्या तसा कॉपी केला की पुरते.

फोल्डर आधीच हलवले गेले असतील, तर आणखी आवराआवर न करता संगणक आहे त्या स्थितीत आमच्याकडे आणावा. प्रत्येक पुस्तकाच्या फोल्डरात त्याच्या माहितीची एक ओपीएफ फाइल असते आणि तिच्यावरून नोंदवही पुन्हा उभी करता येते, परंतु ‘नको असलेली’ समजून कोणी या फाइली पुसल्या असतील, तर बरीचशी माहिती हाताने भरावी लागू शकते आणि त्या कामाचे शुल्क तासाप्रमाणे आकारले जाते.