उन्हाळ्याची इंटर्नशिप आणि परदेशातला समर कोर्स: ठाणे-नवी मुंबईच्या मुलांनी कोणता कागद आधी काढायचा

"मॅडम, उद्यापासून जॉइन व्हायचंय, आज लेटर मिळेल का?" परीक्षा संपल्या की हा प्रश्न मला रोज ऐकायला मिळतो. मी ठाण्यातल्या एका कॉलेजात शिकवते आणि ओजेटीचं, म्हणजे ऑन जॉब ट्रेनिंगचं, काम माझ्याकडे आहे. लेटर एका दिवसात देता येतं. पण त्याच्या मागेपुढे जे कागद लागतात ते एका दिवसात निघत नाहीत, कारण प्रत्येक कागद दुसऱ्या कागदासाठी अडलेला असतो. एनओसीला, म्हणजे कॉलेजच्या ना-हरकत पत्राला, ऑफर लेटर लागतं, ऑफर लेटरला गुणपत्रिका, व्हिसाला प्रवेशाचं पत्र, त्या पत्राला पासपोर्ट आणि पासपोर्टला पत्त्याचा पुरावा. मे महिन्याची सुट्टी कशी जाणार हे खरं तर दिवाळीच्या सुट्टीतच ठरतं.

इथल्या इथे इंटर्नशिप: पात्र कोण, तास किती

नवीन शैक्षणिक धोरण आल्यापासून इंटर्नशिप श्रेयांकात, म्हणजे क्रेडिटमध्ये, मोजली जाते. एक क्रेडिट म्हणजे ३० तासांचं काम. पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) ६० ते १२० तास, म्हणजे २ ते ४ क्रेडिट, अशी चौकट आखून दिली आहे. एम.ए., एम.कॉम., एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षात ओजेटी किंवा फील्ड प्रोजेक्टला ४ क्रेडिट आहेत, म्हणजे १२० तास. रोज सहा तास धरले तर वीस दिवस. त्यामुळे 'दोन महिने कुठून आणू' म्हणून घाबरून जाऊ नका. तुमच्या अभ्यासक्रमात नेमके किती तास आहेत ते विभागातून लेखी घ्या आणि मगच कंपनीशी तारखा ठरवा.

आता एक गैरसमज. घरी पालक वर्तमानपत्रात योजनेची बातमी वाचतात आणि मुलाला म्हणतात, "अरे, सरकार पैसे देतंय, अर्ज कर." मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना ज्यांचं शिक्षण चालू आहे त्यांच्यासाठी नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झालेली पंतप्रधान इंटर्नशिप योजनाही मूळ अटींनुसार २१ ते २४ वयाच्या, पूर्णवेळ शिक्षण किंवा नोकरीत नसलेल्या तरुणांसाठी आणि बारा महिन्यांची आहे. दुसऱ्या वर्षाच्या मुलाने एका सुट्टीसाठी तिच्या मागे लागून उपयोग नाही. पदवी हातात आली की जरूर बघा. आत्ता तुमच्या कामाचं ठिकाण म्हणजे एआयसीटीईचं, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेचं, इंटर्नशिप पोर्टल. तिथे नोंदणीला पैसे लागत नाहीत. कुठेही 'रजिस्ट्रेशन फी' किंवा 'ट्रेनिंग डिपॉझिट' मागितलं, तर तिथूनच मागे फिरा. इंटर्नशिपसाठी विद्यार्थ्याने पैसे भरायचे नसतात. यावर मी मुलांशी दरवर्षी भांडते, तरी दोन-तीन जण फसतातच.

विज्ञान शाखेच्या मुलांसाठी तर आपला पट्टा फार भाग्याचा आहे. मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे, वाशीहून खाडीपूल ओलांडला की पोचलात. तिथला एनआययूएस (नॅशनल इनिशिएटिव्ह ऑन अंडरग्रॅज्युएट सायन्स) हा उपक्रम पदवीच्या सुरुवातीच्या वर्षांतल्या मुलांसाठीच आहे. खारघरला टाटा मेमोरियलचं कर्करोग संशोधन केंद्र आहे, नवीन पनवेलला भारतीय भूचुंबकत्व संस्था आहे. या संस्थांच्या संकेतस्थळांवर प्रशिक्षणार्थींच्या सूचना येतात. त्या जानेवारीपासून दर आठवड्याला बघायला हव्यात, कुणी घरी कळवत नाही. देशातल्या तीन विज्ञान अकादम्या मिळून दोन महिन्यांची उन्हाळी संशोधन फेलोशिप देतात. तिचा अर्ज आदल्या वर्षीच, साधारण नोव्हेंबर अखेरपर्यंत भरावा लागतो. त्यात काय करायचंय याचं छोटं टिपण आणि एका शिक्षकाचं शिफारसपत्र लागतं. शिफारसपत्र मागायला शेवटच्या दिवशी येऊ नका. मुलाबद्दल दोन खऱ्या गोष्टी लिहायला आम्हालाही थोडा वेळ हवा असतो.

कॉलेजकडून काय घ्यायचं, कंपनीला काय द्यायचं

कॉलेजच्या ऑफिसातून बोनाफाईड आणि एनओसी असे दोन वेगळे कागद निघतात. बोनाफाईड म्हणजे तुम्ही इथे शिकता याचा दाखला. एनओसी म्हणजे अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत तुम्ही तिथे काम करायला कॉलेजची हरकत नाही. एनओसीवर कंपनीचं पूर्ण नाव, पत्ता आणि तारखा लागतात, म्हणून अर्जासोबत कंपनीचं ऑफर लेटर किंवा निदान कंपनीच्या ईमेल आयडीवरून आलेला मेल जोडा. व्हॉट्सॲपवरचा 'ओके, कम फ्रॉम मंडे' चालत नाही.

कंपनीला साधारणपणे आधार, शेवटच्या दोन सत्रांच्या गुणपत्रिका, फोटो आणि बायोडेटा द्यावा लागतो. विद्यावेतन मिळणार असेल तर पॅन कार्ड आणि स्वतःच्या नावाच्या बँक खात्याचा रद्द केलेला चेक. अनेक मुलांचं खातं अजून आईबरोबर 'मायनर' म्हणूनच असतं. अठरा पूर्ण झाल्यावर ते बदलून घ्यावं लागतं, आणि त्यासाठी बँकेत स्वतः जावं लागतं. रबाळे, महापे, तुर्भे या एमआयडीसी पट्ट्यातल्या कारखान्यात जाणार असाल तर गेटपाससाठी आणखी दोन फोटो ठेवा आणि सेफ्टी शूज आपण आणायचे की कंपनी देणार ते आधी विचारा. सरकारी संशोधन संस्थेत पोलीस पडताळणी मागितली तर तिचे आठवडे वेगळे मोजा.

लोकलच्या पासाबद्दल. विद्यार्थी सवलतीचा पास घराजवळच्या स्टेशनपासून कॉलेजच्या स्टेशनपर्यंतच मिळतो. राहणार डोंबिवलीला, कॉलेज ठाण्यात आणि इंटर्नशिप ऐरोलीला, तर ठाणे ते ऐरोली हा ट्रान्स हार्बरचा भाग सवलतीत बसत नाही. तेवढा साधा पास वेगळा काढा. खर्चाचा हिशेब करताना मुलं हे नेहमी विसरतात.

नावाचा घोळ

अर्ज सगळ्यात जास्त कशावरून अडत असतील, तर नावावरून. मुंबई विद्यापीठाच्या गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं आणि शेवटी आईचं नाव छापतात. समजा, गुणपत्रिकेवर 'म्हात्रे रिया सुरेश सुनीता' असं आहे. आधारवर 'रिया सुरेश म्हात्रे'. पासपोर्टवर दोन रकाने: पहिल्यात 'रिया सुरेश', दुसऱ्यात 'म्हात्रे'. आता परदेशी विद्यापीठाचा ऑनलाइन फॉर्म 'लास्ट नेम' विचारतो. मुलगी गुणपत्रिका समोर ठेवून शेवटचा शब्द भरते. प्रवेशपत्र येतं ते 'सुनीता' आडनावाने, आणि व्हिसाच्या खिडकीवर पासपोर्टशी ताडून बघतात तेव्हा ते जुळत नाही. माझ्या एका विद्यार्थिनीचे असेच बारा दिवस गेले. रडकुंडीला आलेली ती मुलगी अजून डोळ्यांसमोर आहे.

म्हणून नियम एकच: पासपोर्टवर नाव जसं आहे तसंच, अक्षर न् अक्षर, सगळीकडे भरायचं. चुकीचं पत्र आलं असेल तर लगेच त्या विद्यापीठाला पासपोर्टच्या पहिल्या पानाची प्रत जोडून दुरुस्त पत्र मागवा. ते देतात. गुणपत्रिका आणि पासपोर्टवरची व्यक्ती एकच आहे असं नोटरीसमोरचं प्रतिज्ञापत्र करून फाईलमध्ये ठेवा. स्पेलिंगच वेगळं असेल, एकीकडे 'डब्ल्यू' आणि दुसरीकडे 'व्ही', तर आधार आधी दुरुस्त करा आणि मग पासपोर्टचा अर्ज भरा. उलट क्रमाने गेलात तर दोनदा फेरी.

पासपोर्ट

परदेशाचा नुसता विचार असला तरी पासपोर्ट आत्ताच काढून ठेवा. अर्ज पासपोर्ट सेवाच्या संकेतस्थळावर भरायचा, पैसे तिथेच भरायचे आणि अपॉइंटमेंट घ्यायची. प्रौढांसाठी ३६ पानी पासपोर्टचं शुल्क १५०० रुपये, तत्काळ हवा असेल तर त्यावर आणखी २००० रुपये. मुदत दहा वर्षं. ठाण्याचं पासपोर्ट सेवा केंद्र वागळे इस्टेटमध्ये आहे. मूळ कागद आणि एकेक झेरॉक्स घेऊन जा. दहावीचं प्रमाणपत्र विसरू नका, जन्मतारखेसाठीही चालतं आणि इमिग्रेशन तपासणीतून सूट मिळायलाही तेच लागतं.

भाड्याच्या घरात राहणाऱ्यांची इथे अडचण होते, आणि घणसोली, कोपरखैरणे, कळवा, दिव्यात अशी कितीतरी कुटुंबं आहेत. भाडेकरार नोंदणीकृत हवा, नुसता नोटरी केलेला चालत नाही. अर्जात तोच पत्ता द्या जिथे तुम्ही आज राहता, कारण पोलीस पडताळणी त्याच हद्दीतल्या पोलीस ठाण्याकडून होते. गावचा पत्ता दिलात आणि पोलीस गावी जाऊन आले, की तुम्ही तिथे नाही एवढाच अहवाल येतो.

परदेशातला समर कोर्स: आधी तारखा बघा

आपली सुट्टी मे ते जूनच्या सुरुवातीपर्यंत. युरोप-अमेरिकेची 'समर' जूनच्या मध्यापासून ऑगस्टपर्यंत. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सची तीन-तीन आठवड्यांची समर स्कूलची सत्रं याच काळात होतात. तोवर आपलं कॉलेज सुरू झालेलं असतं आणि ७५ टक्के हजेरीची अट असतेच. म्हणून पैसे भरण्याआधी प्राचार्यांना लेखी अर्ज करा, कोर्सच्या तारखा आणि विषय जोडा आणि परवानगीही लेखी घ्या. व्हिसाच्या फाईलमध्येही हेच पत्र कामाला येतं. तुम्ही परत येऊन शिक्षण पुढे चालू ठेवणार, याचा तो सगळ्यात भक्कम पुरावा असतो.

समर कोर्स आणि परदेशी इंटर्नशिप यांचा व्हिसा वेगळा, हेही आधीच ठरवून घ्या. ब्रिटनमध्ये मान्यताप्राप्त संस्थेत सहा महिन्यांपर्यंतचा अभ्यास व्हिजिटर व्हिसावर करता येतो. पण त्याच व्हिसावर कंपनीत काम करता येत नाही, पगार नसला तरीही. अमेरिकेत इंटर्नशिपसाठी जे-१ व्हिसा लागतो आणि त्याआधी तिथल्या मान्य संस्थेकडून डीएस-२०१९ हा फॉर्म यावा लागतो. मुलाखत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वकिलातीत. कॅनडात प्राध्यापकांच्या हाताखाली बारा आठवडे संशोधन करण्याची मायटॅक्स ग्लोबलिंक इंटर्नशिप भारतीय पदवी विद्यार्थ्यांनाही खुली असते, तिचे अर्ज आदल्या सप्टेंबरातच बंद होतात.

शेंगेन देशांसाठी, म्हणजे युरोपातल्या ज्या देशांत एकाच व्हिसावर फिरता येतं त्यांच्यासाठी, नियम स्पष्ट आहेत. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी. मी तर दोन महिने आधीच करा म्हणेन, कारण उन्हाळ्यात अपॉइंटमेंटच मिळत नाही. परतीच्या तारखेनंतर पासपोर्टची किमान तीन महिने मुदत उरलेली हवी, दोन पानं कोरी हवीत. प्रवास विमा किमान ३०,००० युरोचा. व्हिसा शुल्क जून २०२४ पासून ९० युरो आहे. सोबत प्रवेशपत्र, फीची पावती, राहण्याची सोय, पालकांचं बँक स्टेटमेंट आणि प्राप्तिकर विवरणपत्रं, खर्च कोण करणार याचं पालकांच्या सहीचं पत्र आणि कॉलेजची एनओसी.

काही ठिकाणी 'ट्रान्सक्रिप्ट' मागतात. गुणपत्रिकांच्या झेरॉक्सना ट्रान्सक्रिप्ट म्हणत नाहीत. विद्यापीठाची अधिकृत ट्रान्सक्रिप्ट कालिन्याच्या परीक्षा भवनातून मिळते आणि तिला वेळ लागतो. शिक्षण अर्धवट असताना बरेचदा प्राचार्यांच्या सहीशिक्क्याचा एकत्रित गुणतक्ता चालतो, हे त्या संस्थेला मेल करून आधी विचारा. एक मेल तुमच्या चार फेऱ्या वाचवील.

पैसे पाठवताना

फी बँकेतून ए-२ फॉर्म (परदेशी पैसे पाठवण्याचा अर्ज) भरून पाठवता येते, त्याला पॅन लागतं. एप्रिल २०२५ पासून एका आर्थिक वर्षात एका पॅनवर १० लाख रुपयांपर्यंत परदेशी पाठवलेल्या रकमेवर टीसीएस (पैसे घेतानाच वसूल केला जाणारा आगाऊ प्राप्तिकर) कापला जात नाही. समर कोर्सची फी सहसा यात बसते. पण एजंटने विमान, हॉटेल, जेवण आणि कोर्स असं एकत्र 'टूर पॅकेज' म्हणून विकलं तर त्यावर पहिल्या रुपयापासून टीसीएस लागू शकतो. विवरणपत्र भरल्यावर तो वळता होतो, पण तोवर पैसे अडकतात. फी थेट विद्यापीठाच्या खात्यात भरलेली केव्हाही बरी. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती चालेल का, असं बरेच पालक विचारतात. ती पदव्युत्तर आणि पीएच.डी.च्या पूर्णवेळ शिक्षणासाठी आहे, तीन आठवड्यांच्या कोर्सला नाही.

काम संपल्यावर

शेवटच्या दिवशी कंपनीतून निघताना प्रमाणपत्र घ्या आणि त्यावर तीन गोष्टी आहेत का ते तिथेच उभं राहून वाचा: सुरुवातीची आणि शेवटची तारीख, एकूण तास आणि सही करणाऱ्याचं नाव-पद. 'ही हॅज वर्क्ड विथ अस इन मे' असं मोघम पत्र आणलंत तर मला तुमचे १२० तास मोजता येत नाहीत आणि क्रेडिट देता येत नाहीत. हजेरीपत्रकावर रोजच्या रोज सही घेत चला. क्रेडिट जमा होण्यासाठी डिजिलॉकरमधून काढलेला एबीसी (अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स) क्रमांक कॉलेजकडे नोंदवलेला असायला हवा, त्यावरचं नावही आधारशी जुळायला हवं. परदेशातून कोर्स करून आलात तर तिथलं गुणपत्रक आणि अभ्यासक्रमाची प्रत दोन्ही आणा. ते आपल्याकडे धरायचं की नाही हे विभाग ती प्रत बघूनच ठरवतो, आणि तो अर्ज जुलै-ऑगस्टमध्ये, परत आल्या आल्या माझ्या टेबलावर यायला हवा.