वृक्षतोडीतील क्रेन व अवजड यंत्रे (ग्रामीण विदर्भ)

उभे झाड तोडताना त्याचे भाग सुटे करून उतरवणे, बुंधा मुळांसह उपटणे आणि ओंडके वाहनात चढवणे यांसाठी क्रेन, जेसीबी, पोकलेन आणि ट्रॅक्टर यांचा केला जाणारा वापर. विदर्भाच्या ग्रामीण भागात हे काम मुख्यतः रस्ता रुंदीकरणात, घरावर किंवा वीजतारांवर झुकलेल्या जुन्या झाडांच्या बाबतीत, पांदण (पाणंद) म्हणजे शेतात जाणारे रस्ते मोकळे करताना आणि वाळलेल्या संत्रा बागा काढताना दिसते. राखीव वनांतील कूपतोड (ठरवून दिलेल्या वनखंडातील तोड) वनविभागाच्या कार्य आयोजनेनुसार चालते. तिच्यात माणूसबळाचा वाटा अद्याप मोठा असून येथे तिचा विचार केवळ पूर्वपीठिकेपुरता केला आहे.

यंत्रे येण्यापूर्वी कुऱ्हाड, दोन माणसांनी ओढायची करवत, सब्बल आणि दोर एवढ्यावरच तोड होत असे व ओंडके बैल किंवा रेडे ओढून नेत. आलापल्लीच्या सागवान पट्ट्यात वनविभागाचे हत्तीही लाकूड ओढण्यासाठी राबत. गडचिरोली जिल्ह्यातील कमलापूरचा हत्ती कॅम्प हा त्याच व्यवस्थेचा अवशेष होय. जंगल कामगार सहकारी संस्था आणि १९७४ मध्ये स्थापन झालेले महाराष्ट्र वनविकास महामंडळ यांच्या काळात तोडीचे संघटन बदलले, पण लाकूड उचलण्याची पद्धत बहुधा बराच काळ तशीच राहिली. खेड्यातील खासगी झाडांसाठी भाड्याचे यंत्र बोलावण्याची रीत साधारणतः १९९० नंतर रुळली असावी.

या यंत्रांच्या उगमाबद्दल एकमत नाही. ग्रामीण भागात सर्वाधिक वापरले जाणारे यंत्र जेसीबी या नावाने ओळखले जाते. पुढे भरणारे सुपडे आणि मागे खोदणारा हात असलेल्या या यंत्राचे जनकत्व मात्र तिघांकडे दिले जाते. अमेरिकेतील मॅसॅचूसेट्स राज्यात वायनो होलोपाइनेन व रॉय हँडी यांनी १९४७-४८ च्या सुमारास शेती ट्रॅक्टरच्या मागे जोडता येणारा, तेलाच्या दाबावर चालणारा खोदहात तयार केला आणि विकला. ब्रिटनमध्ये जोसेफ सिरिल बॅमफर्ड यांनी १९५३ मध्ये सुपडे आणि खोदहात एकाच ट्रॅक्टरवर आणले. अमेरिकेच्या केस कंपनीने १९५७ मध्ये कारखान्यातच एकसंध बांधलेले यंत्र बाजारात आणल्यामुळे काही लेखक त्यालाच पहिले मानतात. खोदहात हा निकष धरल्यास पहिला दावा सबळ ठरतो आणि एकसंध बांधणी धरल्यास तिसरा. तथापि दोन्ही अवजारे एका चालकाच्या हाती देण्याची कल्पना हा या यंत्राचा गाभा मानल्यास बॅमफर्ड यांना श्रेय देणे अधिक योग्य वाटते. भारतात बॅमफर्ड यांच्या जेसीबी कंपनीचा प्रवेश १९७९ मध्ये हरियाणातील बल्लभगढ येथील संयुक्त प्रकल्पाद्वारे झाला. तोडीत वापरल्या जाणाऱ्या साखळी करवतीच्या उगमाचा वाद याहून जुन्या काळापर्यंत जातो. हाड कापण्याची साखळी करवत बर्नहार्ट हाइने यांनी सुमारे १८३० मध्ये बनवली होती, पण तिचा लाकूडतोडीशी थेट संबंध जोडणे ओढूनताणून केल्यासारखे होते. लाकडासाठी आंद्रेआस श्टील यांची १९२६ ची विजेवरील करवत आणि एमिल लेर्प यांची १९२७ ची पेट्रोल करवत हेच आजच्या करवतीचे खरे पूर्वज होत.

क्रेनच्या बाबतीत विदर्भातील खेड्यापर्यंत पोचणारे यंत्र बहुतेक वेळा ‘हायड्रा’ असते. भार उचलून तो घेऊनच चालणारी ही क्रेन साधारण बारा ते पंधरा टन वर्गातील असते. जॅक (आधाराचे पाय) जमिनीवर टेकवून उभ्या राहणाऱ्या, लांब बूमच्या (भार उचलणाऱ्या हाताच्या) ट्रक-क्रेन बुटीबोरी, चंद्रपूर यांसारख्या औद्योगिक भागांतून मागवाव्या लागतात व त्यांचे भाडे एका झाडासाठी क्वचितच परवडते. म्हणून हायड्राच्या मर्यादा समजून घेणे व्यवहारात अधिक महत्त्वाचे ठरते. तिच्यावर लिहिलेली चौदा टनांची क्षमता बूम आखडलेला आणि भार पुढच्या चाकांच्या अगदी जवळ असतानाची असते. बूम लांबवताच ती झपाट्याने घटते आणि चिंचेच्या शेंड्यापर्यंत पोचेपर्यंत ती मूळ आकड्याचा लहानसा अंश उरते. शिवाय या यंत्राची चौकट मधोमध सांध्यावर वळते. भार टांगलेला असताना वळण घेतले की यंत्र व भार यांचा एकत्रित गुरुत्वमध्य बाजूच्या चाकांच्या रेषेकडे, म्हणजे उलटण्याच्या रेषेकडे, सरकतो आणि सपाट रस्त्यावर सुरक्षित असलेली क्रेन उतारावर कलंडू शकते.

याहून सूक्ष्म चूक वजनाच्या अंदाजात होते. लाकूड व्यवहारात ओंडक्याचे घनफळ काढताना घेराच्या चौथ्या भागाचा वर्ग करून त्यास लांबीने गुणण्याची रूढ पद्धत आहे. कापणीत वाया जाणारे लाकूड वगळण्यासाठी ती व्यापाऱ्याला सोयीची असली, तरी तिच्यातून मिळणारे घनफळ प्रत्यक्षापेक्षा सुमारे २१.५ टक्के कमी असते. मध्यावर २ मीटर घेर आणि ६ मीटर लांबी असलेला ओंडका या हिशेबाने १.५ घनमीटर भरतो, पण वर्तुळाकार छेद धरल्यास तो १.९१ घनमीटर असतो. ओल्या लाकडाचे वजन घनमीटरला सुमारे एक टन धरण्याचा प्रघात असल्याने लाकूड डेपोच्या या मापावर विसंबणारा क्रेनचालक अदमासे चारशे किलोंचा भार हिशेबाबाहेर ठेवतो. साल, फांद्या व पाने यांची भर वेगळीच. भार ज्याने बांधून टांगतात त्या बेल्टच्या कोनाचाही विचार करावा लागतो : दोन पायांच्या बेल्टने उचलताना प्रत्येक पाय आडव्या रेषेशी ६० अंशांवर असल्यास त्यावर भाराच्या ०.५८ पट ताण येतो, ३० अंशांवर मात्र प्रत्येक पायावर पूर्ण भाराइतका ताण पडतो.

प्रत्यक्ष कामात फांदीचा गुरुत्वमध्य ओळखून त्याच्या वर बेल्ट बांधतात, शेपटाला दोर लावून तो खालच्या हेल्परच्या हाती देतात आणि बूम किंचित ताणून धरतात. करवत चालवणारा काप पूर्ण करतो तेव्हा फांदी हलकेच वर उचलली गेली पाहिजे. ती खाली कोसळून मग बेल्टला लटकली, तर बूमला बसणारा झटका स्थिर वजनाच्या कित्येक पट असू शकतो. कापताना करवत अडकू लागणे हे ताण चुकीच्या जागी असल्याचे लक्षण आहे. अशा वेळी बूम आणखी वर घेणे ही नवख्या चालकाची नेहमीची चूक असते. जवळून ११ केव्ही किंवा लघुदाब तार जात असल्यास महावितरणकडून वीजपुरवठा बंद करून घेणे आवश्यक असते, कारण बूमचा तारेला स्पर्श होणे सोडाच, उच्चदाब तारेच्या तो पुरेसा जवळ आला तरी वीज झेप घेते.

जमीन हा येथील खास प्रश्न आहे. दख्खनच्या बेसाल्टपासून तयार झालेली पश्चिम विदर्भातील काळी कापसाची माती माँटमोरिलोनाइट या चिकणखनिजामुळे पावसात फुगते आणि उन्हाळ्यात तिला खोल भेगा पडतात. पावसाळ्यात अवजड यंत्र शेतात उतरवणे शक्य नसते, तर भेगाळलेल्या जमिनीत जॅकखालचा थर एकाएकी खचतो. जॅकच्या ३० सेंमी चौरस पायावर दहा टन भार आल्यास दर चौरस सेंटिमीटरला ११ किलो दाब पडतो. त्याखाली एक मीटर चौरसाचा जाड लाकडी पाट अंथरल्यास तो एका किलोवर येतो. पूर्वेकडे भंडारा, गोंदिया या धानाच्या पट्ट्यात अडचण निराळी असते : बांधीचे (धानाच्या खाचराचे) धुरे म्हणजे बांध ओलांडून यंत्राला झाडापर्यंत पोचावे लागते, म्हणून धान कापणीनंतरच काम हाती घेतात.

संत्रा बागा काढण्याचे काम वरुड, मोर्शी, काटोल व नरखेड तालुक्यांत मोठ्या प्रमाणावर होते. डिंक्या रोग, कोळशी (पाने काळी पडण्याचा विकार) आणि पाण्याचा ताण यांमुळे बागा वाळतात आणि ६ × ६ मीटर अंतराने लावलेल्या बागेत हेक्टरी सुमारे २७७ झाडे काढावी लागतात. क्रेनची येथे गरज पडत नाही. जेसीबीच्या मागच्या सुपड्याने एका बाजूची मुळे तोडून झाड विरुद्ध दिशेला ढकलतात. ज्यावर संत्र्याचे कलम बांधतात त्या जंबेरी खुंटाची मुळे फार जुनी नसतील तर झाड ओलीत सहज निघते. मात्र चालक घाईने खोल खणतो तेव्हा खालचा चुनखडीयुक्त थर वर येतो आणि नव्या लागवडीत लोहाच्या कमतरतेने पाने पिवळी पडतात. डिंक्यास कारणीभूत असलेली फायटोफ्थोरा बुरशी जमिनीत टिकून राहत असल्याने बारीक मुळे वेचून काढणे हे उपटण्याइतकेच महत्त्वाचे काम आहे, आणि भाड्याच्या तासांत नेमके तेच सुटते.

परवानगीच्या बाबतीत यंत्र व कुऱ्हाड असा भेद कायदा करीत नाही. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ नुसार साग, मोह, चिंच, आंबा, हिरडा, ऐन, बिजा, तिवस, खैर, चंदन, जांभूळ इत्यादी सोळा अनुसूचित प्रजातींसाठी वृक्ष अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. रस्त्याकडेला सर्वाधिक आढळणारे कडुनिंब आणि बाभूळ या यादीत नाहीत, परंतु सरकारी जागेवरील झाडांवर संबंधित विभागाचा हक्क असल्याने त्यांचीही तोड परवानगीशिवाय होत नाही. अनुसूचित जमातींच्या खातेदारांच्या झाडांच्या विक्रीस १९६९ चा स्वतंत्र अधिनियम लागू होतो. पांदण रस्त्यांवरील तोड मातोश्री ग्रामसमृद्धी शेत व पाणंद रस्ते योजनेमुळे २०२१ नंतर वाढली असावी.

झाड न तोडता मुळांच्या मातीच्या गोळ्यासह उचलून अन्यत्र लावण्यासाठीही हीच यंत्रे वापरली जातात. वड व पिंपळ यांसारख्या सहज फुटणाऱ्या प्रजातींना हा प्रयोग तुलनेने मानवतो. खोल सोटमूळ असलेल्या जुन्या झाडांना तो क्वचितच लाभतो, कारण जेसीबीच्या सुपड्यात मावणारा गोळा त्यांच्या मुळांच्या पसाऱ्यापुढे फारच लहान असतो.