घरबसल्या जुनी नाट्यपदं: नाव घालण्याआधी हे वाचा

नांदी म्हणायला बाराजण बसले, बाराजणांचे माइक चालू, आणि सम (तालाची पहिली मात्रा) आली बारा ठिकाणी. आमच्या पहिल्या ऑनलाइन कार्यशाळेचा हा पहिला तास. हसू आवरल्यावर आम्ही शिकवण्याची रीतच बदलली. ती आधी समजून घ्या, म्हणजे नंतर ‘सगळे मिळून कधी म्हणायचं?’ असं वाटणार नाही.

इंटरनेटवरून आवाज पोचायला वेळ लागतो. बोलताना तो कळत नाही, गाताना कळतो. एकत्र गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांत साधारण ३० मिलिसेकंदांहून जास्त उशीर झाला की लय मागे ओढली जाते. व्हिडिओ कॉलवर हा उशीर सहज १५०-२०० मिलिसेकंदांचा असतो. मध्यलयीच्या त्रितालात मात्रा अर्ध्या सेकंदाची धरली, तर तुमचा सूर आमच्यापर्यंत साधारण एक तृतीयांश मात्रा मागून येतो. महागडं कनेक्शन घेऊनही हा उशीर पुरता जात नाही. म्हणून शिकवणाऱ्या बाई ओळ म्हणतात, तुम्ही आपला माइक बंद ठेवून त्यांच्याबरोबर म्हणता, आणि मग एकेकाचा माइक उघडून ती ओळ ऐकली जाते.

भजनी मंडळात मागच्या रांगेत बसून आवाज लपवता येतो. इथे घरात तुम्हाला बाईंचा आणि स्वतःचा, असे दोनच आवाज ऐकू येतात. कुठे सूर उतरतो ते आपलं आपल्यालाच कळतं. शिवाय माइक बंद असताना चुकलेलं दुसऱ्या कुणाला ऐकू जात नाही, त्यामुळे लाजणारी माणसंही मोकळी गातात. बैठकीची सर याला नाही, हे मात्र कबूल.

शिकवतो काय? १८८० ते १९२० या काळातलं रंगभूमीवरचं गाणं. नाटककार अण्णासाहेब किर्लोस्कर आपल्याच बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे, जन्म १८४३चा. त्यांचं ‘शाकुंतल’ हे संगीत नाटक १८८० साली पुण्यात रंगभूमीवर आलं, ‘सौभद्र’ १८८२ साली. त्या पदांत दिंडी आणि साकी ही जुनी वृत्तं आहेत, लावणीच्या आणि कर्नाटकी वळणाच्या चाली आहेत. मराठी-कानडी दोन्ही कान असलेल्या बेळगावकराला त्या लवकर उमगतात, असा आमचा अनुभव. सुरुवात याच पदांनी होते, कारण ती आटोपशीर आहेत आणि ताना न घेता गोड लागतात. गोविंदराव टेंब्यांच्या चालींचं ‘मानापमान’ (१९११) आणि भास्करबुवा बखल्यांच्या चालींचं ‘स्वयंवर’ (१९१६) शेवटच्या दोन रविवारी. तिथे ख्यालाचं, म्हणजे रागदारी गायनाचं, अंग येतं, घाई उपयोगाची नाही.

जुन्या ध्वनिमुद्रिका ऐकून बसलात तर फारच छान, फक्त दोन गोष्टी ध्यानात असू द्या. तबकडीची एक बाजू जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांची; रंगमंचावर कितीतरी वेळ रंगणारं पद तेवढ्यात बसवलेलं असतं. म्हणून तिथली धावपळ ही पदाची लय समजू नका. आणि त्या काळी तबकडीचा वेग सगळीकडे सारखा नव्हता. आज ती थोडी जास्त वेगाने वाजवून उतरवून घेतली असेल तर पट्टी, म्हणजे गाण्याच्या ‘सा’ची उंची, हीही वर चढते. त्या पट्टीशी झगडू नका. काळी एक असो वा काळी चार, तुमच्या गळ्याला मानवेल ती आम्ही पहिल्या दिवशी ठरवून देतो.

पेटीवाल्यांसाठी निराळी तुकडी आहे. नामवंत पेटीवादक पं. रामभाऊ विजापुऱ्यांच्या गावात पेटी शिकवायची म्हणजे जबाबदारीच, त्यामुळे इथे सहाच जण घेतो. कॅमेरा चेहऱ्यावर नको, बोटांवर आणि भात्यावर हवा. मोबाइल पुस्तकांच्या चळतीवर आडवा ठेवला तरी भागतं. पावसाळ्यात पट्ट्या दमट होऊन एखादा सूर चिकटतो, तो आधीच पाहून ठेवा.

आता सगळ्यात जास्त तक्रारी येणारी गोष्ट. तंबोरा किंवा पेटीचा लांब सूर ॲपला पंख्याच्या घरघरीसारखा वाटतो आणि ते तो कापून टाकतं. तुम्ही सा धरता, आम्हाला तुटक तुटक ऐकू येतो. झूमच्या सेटिंगमध्ये ‘ओरिजिनल साउंड’ चालू करा, म्हणजे हे थांबेल. कानात वायरचे इअरफोन घाला. ब्लूटूथवाल्यांच्या माइकवर आवाज बारीक आणि डब्यातून आल्यासारखा होतो. तंबोऱ्यासाठी, ते जिथे बनतात ती मिरज गाठायची गरज नाही, दुसऱ्या फोनवरचं तंबोऱ्याचं ॲप पुरे.

सहा रविवार, सकाळी ९ ते १०:३०. फी गायनाला १,८०० रुपये, पेटीला २,४००. आदल्या शुक्रवारी पदाचे शब्द, स्वरलिपी आणि दोन पट्ट्यांतला तंबोरा व्हॉट्सॲपवर येतो. शब्द देवनागरीत, आणि हवे असल्यास कन्नड लिपीतही. आमच्याकडे कानडी घरातल्या दोघी-तिघी नेहमी असतात आणि त्यांचे उच्चार कधी कधी आमच्यापेक्षा स्वच्छ निघतात. स्वरलिपी वाचता येत नसली तरी अडत नाही. ‘सा’ लावता आला, हाताने ताल धरता आला, की झालं.

खानापूरकडच्या मंडळींना पावसात रेंज जाण्याची आणि लाईट जाण्याची धास्ती असते. तासाचं रेकॉर्डिंग सात दिवस ठेवतो, आणि बुधवारी संध्याकाळी पंधरा मिनिटं फोनवर राहिलेली ओळ म्हणून घेतो. दुसरा तास होईपर्यंत नाव काढून घेतलंत तर उरलेल्या चार तासांचे पैसे परत. ज्या नंबरवरून हे पत्रक आलं, त्याच नंबरवर नाव, गाणं की पेटी, आणि पट्टी माहीत असल्यास पट्टी, एवढं कळवा.