एड्स-संशोधनाचा परदेशी पैसा विदर्भात आडवाटेने कसा आला

गडचिरोली जिल्ह्यातल्या वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या 650 बायकांची डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी तपासणी केली. तिचे निष्कर्ष जानेवारी 1989 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. 92 टक्के बायकांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजारांपैकी काही ना काही होतं, आणि आधी कधी अशी तपासणी झालेल्या जेमतेम 8 टक्के होत्या. भारतात एचआयव्हीचा पत्ता लागून तेव्हा तीनच वर्षं झाली होती. 1986 मध्ये चेन्नईत डॉ. सुनीती सोलोमन यांच्या पथकाला तो सापडला होता. चर्चा होती ती महानगरांची आणि ट्रकच्या रस्त्यांची. जननमार्गाचे संसर्ग उपचारांविना राहिले की एचआयव्हीला शिरकाव सोपा होतो, हे पुढे जगभर मान्य झालं. खेड्यात असे संसर्ग किती आहेत, हे गडचिरोलीने आधीच सांगून ठेवलं होतं. तरी एचआयव्हीच्या संशोधनाचा पैसा इकडे फिरकायला बराच काळ गेला.

पैसा गेला पुण्याकडे. त्यात नवल नाही. 1992 मध्ये जागतिक बँकेच्या कर्जातून राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रम उभा राहिला, त्याच वर्षी भोसरीत ‘नारी’ ही राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था सुरू झाली. विमानतळ, प्रयोगशाळा, शीतगृहं, इंग्रजीत अहवाल लिहिणारी माणसं हे सगळं तिथे होतं. अमेरिकेची राष्ट्रीय आरोग्य संस्था, म्हणजे एनआयएच, आणि जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ तिथे आले आणि टिकले. एका जोडीदाराला एचआयव्ही आहे नि दुसऱ्याला नाही अशा 1,763 जोडप्यांवर नऊ देशांत झालेल्या ज्या चाचणीने 2011 मध्ये दाखवून दिलं की लवकर औषधं सुरू केली तर जोडीदाराला होणारी लागण 96 टक्क्यांनी घटते, तिची भारतातली केंद्रं पुणे आणि चेन्नईच होती. गेट्स फाउंडेशनचा ‘आवाहन’ हा प्रतिबंधाचा कार्यक्रम 2003 पासून महाराष्ट्रासह सहा राज्यांत चालला. त्याच्या सर्वेक्षणात यवतमाळ जिल्ह्यातल्या देहविक्री करणाऱ्या बायकाही मोजल्या गेल्या. नमुने यवतमाळचे, विश्लेषण पुण्याचं, अशी ती वाटणी.

विदर्भातल्या खेड्याला सोयीचा ठरला तो एक लहान आणि फारसा कुणाला ठाऊक नसलेला निधी. एनआयएचच्या फोगार्टी केंद्राने 1988 मध्ये एड्ससाठी आंतरराष्ट्रीय प्रशिक्षण योजना सुरू केली. तिचा भर माणसं घडवण्यावर होता: अमेरिकी विद्यापीठाने गरीब देशांतल्या डॉक्टरांना रोगपरिस्थितीशास्त्र, म्हणजे रोग लोकांत कसे नि किती पसरतात याचं शास्त्र, शिकवायचं आणि शिकलेल्याने आपल्या देशातला प्रश्न घेऊन काम करायचं. कॅलिफोर्नियातलं बर्कली विद्यापीठ या योजनेत होतं. आणि सेवाग्रामला, डॉ. सुशीला नायर यांनी 1969 मध्ये सुरू केलेल्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत, प्रश्नांना तोटा नव्हता.

तिथे या निधीच्या आधाराने पहिलं मोठं काम झालं ते क्षयरोगाचं. वर्ध्याच्या खेड्यात एड्सच्या पैशातून टीबी तपासणं विचित्र वाटेल, पण हिशोब सरळ आहे. एचआयव्ही झालेल्या माणसाला मारतो तो बहुधा टीबीच, आणि तो टीबी पुष्कळदा अंगात आधीपासून सुप्त असतो. म्हणून सुप्त टीबी नेमका ओळखायचा कसा, हाही एचआयव्हीचाच प्रश्न. सेवाग्रामच्या दवाखान्यातल्या 726 जणांची, म्हणजे डॉक्टर, नर्सेस आणि शिकाऊ मुलामुलींची, त्वचेवरची जुनी चाचणी आणि रक्ताची नवी चाचणी अशा दोन्ही केल्या गेल्या. ‘जामा’ या अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात 2005 साली आलेल्या निष्कर्षांनुसार निम्म्या लोकांना दोहोंपैकी एका तरी चाचणीत संसर्ग निघाला. या गटाचं मध्यक वय होतं 22, म्हणजे निम्मे जण त्याहून मोठे नव्हते! दोन्ही चाचण्यांचा मेळ 81 टक्के बसला, आणि लहानपणी टोचलेल्या बीसीजी या टीबीच्या लशीमुळे निकालात फारसा फरक पडत नव्हता. जुनी, स्वस्त चाचणी आपल्याकडे टाकाऊ नाही, हे सांगायला परदेशी निधी कामी आला, ही गंमत मला आजही आवडते.

त्याच दवाखान्यात पुढे लेबर रूमचं काम झालं. बाईला कळा सुरू होतात रात्री, गावातून ऑटोने नाहीतर जीपने तिला आणतात, आणि हातात कागद नसतात. असले तरी त्यांत एचआयव्हीचा रिपोर्ट नसतो. प्रयोगशाळा तर सकाळी उघडणार. आईकडून बाळाकडे जाणारा संसर्ग अडवायला त्या काळी नेव्हिरापिन या औषधाचा एकच डोस आईला कळांच्या वेळी आणि बाळाला जन्मानंतर द्यायचे. तो द्यायचा की नाही, हे सकाळपर्यंत थांबून ठरवता येत नव्हतं. म्हणून हिरड्यांवरून एक पट्टी फिरवायची, ती द्रावणात उभी करायची आणि वीस मिनिटांनी रेषा बघायच्या, अशी चाचणी चोवीस तास ठेवली गेली. सेवाग्राम, कॅनडातलं मॅक्गिल विद्यापीठ आणि सॅन फ्रान्सिस्को इथल्या डॉक्टरांनी मिळून केलेलं हे काम 2008 मध्ये प्रसिद्ध झालं. 1,222 बायका तयार झाल्या. त्यांतल्या 82 टक्क्यांकडे आधीचा रिपोर्ट नव्हता किंवा अर्धवट होता. 15 जणींना एचआयव्ही निघाला, आणि त्यांतल्या 11 जणींचं निदान त्या लेबर रूममध्येच झालं. 13 बाळं चौथ्या महिन्यापर्यंत निरोगी राहिली. दोन बाळांना लागण झाली होती, ती महिन्याच्या आत गेली. शिवाय एक संसर्ग या चाचणीच्या हातून निसटला, हेही त्या लेखात स्वच्छ नोंदलेलं आहे.

हे सगळं झालं ते एका आकड्याच्या सावलीत. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीपासून एनआयएच आपल्या तरतुदीतला साधारण 10 टक्के हिस्सा एड्ससाठी राखून ठेवत असे. ‘एड्स’ या शीर्षाखाली टीबी, मेंदूज्वर, बाळंतपण असं पुष्कळ काही बसवता यायचं. 2015 च्या अखेरीस तो नियम संपला, आणि अर्ज एचआयव्हीशी किती थेट जोडलेला आहे हे काटेकोरपणे पाहिलं जाऊ लागलं.

पैशाच्या वाटणीतही जुनी तक्रार आहे. अनुदान अमेरिकी विद्यापीठाच्या नावाने निघायचं आणि त्यातला तुकडा इकडे यायचा. वीज, हिशोबनीस, कार्यालय अशा वरखर्चापोटी बऱ्याच मोठ्या अमेरिकी विद्यापीठांना 50 टक्क्यांच्या वर दर मिळत आला, परदेशी भागीदाराला कित्येक वर्षं 8 टक्के. प्रकल्प संपला की लेबर रूममधली समुपदेशक घरी जाते, याचं मूळ बऱ्याच अंशी इथे आहे. आपल्याकडूनही अडसर कमी नाहीत. परदेशी सहकार्याचं संशोधन आयसीएमआर, म्हणजे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद, हिच्यामार्फत आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीपुढे जातं. परदेशी देणग्यांच्या कायद्यातल्या 2020 च्या दुरुस्तीनंतर अशी देणगी घेणाऱ्या स्वयंसेवी संस्थेला ती दुसऱ्या संस्थेला देता येत नाही, आणि ती जमा करण्याचं खातं दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या संसद मार्ग शाखेतच उघडावं लागतं. मेळघाटातल्या संस्थेनेही.

1 मे 2025 रोजी एनआयएचने परदेशी संस्थांना मिळणारी उप-अनुदानं नवी पद्धत तयार होईपर्यंत थांबवल्याचं जाहीर केलं. अमेरिकी विद्यापीठाच्या आडून येणारा तुकडा बंद करून परदेशी भागीदाराला स्वतंत्र, एनआयएचशी थेट जोडलेलं अनुदान द्यायचं, असा नव्या पद्धतीचा रोख आहे. कागदावर हे सेवाग्रामसारख्या संस्थेच्या फायद्याचं दिसतं, कारण ती दुय्यम राहत नाही. पण थेट अनुदान म्हणजे अमेरिकी नोंदणी, डॉलरचा हिशोब आणि लेखापरीक्षण सगळं स्वतः सांभाळणं. पुण्या-मुंबईच्या मोठ्या संस्थांकडे त्यासाठी वेगळा विभाग असतो. खेड्यातल्या मेडिकल कॉलेजात हे काम वॉर्डाचा राउंड संपवून आलेल्या प्राध्यापकाच्याच गळ्यात पडतं.