कर्णाला माहीत नाही, वाचकाला माहीत आहे

परवा वाचनालयात एका वडिलांनी लेकीच्या हातातली जाडजूड कादंबरी काढून घेतली. ‘‘गोष्टी वाचून काय मिळणार हाय? काहीतरी नॉलेजचं घे की!’’ १८५० पासून करवीर नगर वाचन मंदिर असलेल्या कोल्हापुरात हे ऐकून जिवाला लागलं. कादंबरी होती ‘मृत्युंजय’, आपल्या आजऱ्याच्या शिवाजी सावंतांची, १९६७ सालची.

मानसशास्त्रात एक प्रसिद्ध चाचणी आहे. सॅली टोपलीत गोटी ठेवून बाहेर जाते. मागे ॲन ती काढून पेटीत टाकते. परतल्यावर सॅली गोटी कुठे शोधेल? तीन वर्षांचं मूल बहुधा ‘पेटीत’ म्हणतं, कारण गोटी तिथं आहे हे त्याला ठाऊक असतं. चार-पाच वर्षांचं झालं की ते ‘टोपलीत’ म्हणू लागतं. दुसऱ्याच्या डोक्यात आपल्यापेक्षा वेगळी, चुकीचीही समजूत असू शकते, हे त्याला उमगलेलं असतं.

रिबेका सॅक्स आणि नॅन्सी कॅनविशर या मेंदू-संशोधकांनी २००३ मध्ये अशाच छोट्या गोष्टी मोठ्या माणसांना वाचायला देऊन त्यांचे मेंदू एफएमआरआयमध्ये, म्हणजे मेंदूतला रक्तप्रवाह टिपणाऱ्या स्कॅनमध्ये, पाहिले. उजव्या कानाच्या थोडं वर आणि मागे, टेम्पोरो-पॅरायटल जंक्शन नावाच्या भागात रक्तप्रवाह वाढला. मग जुन्या झालेल्या फोटोंच्या गोष्टी दिल्या: फोटोत सफरचंद झाडावर, प्रत्यक्षात ते खाली पडलेलं. तर्क तोच, पण त्या भागाचा प्रतिसाद बराच कमी. त्याला माणसाचं मन लागतं.

आता कादंबरीकडे या. आपली आई कोण, हे कर्णाला माहीत नाही. कुंतीला माहीत आहे, आणि त्याला माहीत नाही हेही माहीत आहे. दुर्योधनाला काहीच पत्ता नाही. तिघंही स्वतःच्या तोंडून बोलतात, आणि वाचक शेकडो पानं ही तिन्ही मनं वेगवेगळी सांभाळत जातो. सॅलीच्या गोटीच्या जागी इथं एक अख्खा जन्म लपवलेला आहे.

थोडंसं साहित्य वाचताच मनं ओळखता येऊ लागतात, असं सांगणारा २०१३ चा प्रयोग खूप गाजला. २०१६ मध्ये तो पुन्हा करून पाहिला तेव्हा परिणाम दिसला नाही. तेव्हा झटपट फळाची आशा नको. आणि डोळ्यांवर पट्टी बांधून वाचायला शिकवणाऱ्या ‘मिडब्रेन’च्या क्लासला तर मुळीच पैसे देऊ नका. डोळ्यांत उजेड शिरल्याशिवाय छापलेलं अक्षर दिसत नाही. मुलं नाकाजवळच्या फटीतून बघतात.

शाळेत असताना शस्त्रस्पर्धेचा प्रसंग वाचला तेव्हा मी कर्णासाठी रडलो होतो. चाळिशीत पुन्हा वाचताना त्याच पानांवर मला सारखी कुंती दिसत राहिली.