बंब (पाणी तापवण्याचा)

आंघोळीचे पाणी लाकडांवर तापवण्याचे उभे भांडे. पूर्वी तांब्याचे किंवा पितळेचे, आता बहुधा स्टीलच्या पत्र्याचे असते. पंप या अर्थाच्या ‘बॉम्बा’ या पोर्तुगीज शब्दावरून हे नाव आले. आग विझवणाऱ्या गाडीलाही मराठीत बंबच म्हणतात.

गॅस आणि सोलर आले तरी सोलापूर शहराच्या कडेच्या वस्त्यांत व आसपासच्या गावांत बंब टिकून आहे. याचे कारण जळणात आहे. तुरीचे रान निघाले की तुराट्या घरच्याच असतात, भुईमुगाच्या शेंगा फोडल्या की टरफले उरतात आणि बांधावर बाभूळ असतेच. जानेवारीत सिद्धेश्वरांच्या यात्रेत ६८ लिंगांना यण्णीमज्जन, म्हणजे तैलाभिषेक होतो, त्या थंडीत पहाटे परसातून बंबाचा धूर निघताना दिसतो.

बंबाच्या पोटात मधोमध एक रुंद नळी असते आणि तिच्याभोवती पाणी असते. नळीच्या तळाशी जाळी, जाळीखाली राख पडायला व वारा शिरायला जागा असते. ढलप्या वरूनच नळीत सोडतात. पाणी भरायला बाजूला नरसाळ्यासारखे तोंड आणि काढायला तोटी असते. २० लिटर पाणी २० अंशांवरून ६० अंशांपर्यंत न्यायला विजेच्या जवळपास एका युनिटाइतकी उष्णता लागते. बरीच उष्णता धुराबरोबर जाते हे धरले, तर त्याला सुमारे किलोभर वाळके लाकूड लागते. टरफले भसकन जळून जातात, म्हणून ती पेटवणापुरती वापरावीत. निखारा बाभळीचाच टिकतो. कण्हेरीचे लाकूड कधीही घालू नये, तिचा धूर विषारी असतो. प्लॅस्टिक आणि रंगवलेली फळकुटेही नकोत.

बंब उघड्यावर किंवा तिन्ही बाजूंनी वारा खेळणाऱ्या पडवीत, फरशीवर अथवा विटांच्या ओट्यावर ठेवावा. तोटीखाली बादली बसेल एवढी उंची हवी. कडब्याची गंज, लाकडी चौकट आणि कपड्यांची दोरी लांब असावी. दार लावलेल्या न्हाणीघरात बंब पेटवणे किंवा धगधगते निखारे आत नेणे जिवावर बेतते. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि माणूस झोप लागल्यासारखा बेशुद्ध पडतो. धूर दिसत नाही म्हणून धोका नाही, असे समजू नये.

पाण्याचे पहिले पथ्य एकच आहे: आधी भरावे, मग पेटवावे. आत पाणी असेपर्यंत पत्रा शंभर अंशांच्या फार वर जात नाही. सांधे जोडणारा कथील-शिशाचा डाग मात्र दोनशेच्या आतच वितळतो. रिकामा बंब पेटला की सांधे सुटतात, आणि त्यावर घाईने गार पाणी ओतले तर वाफेचा फवारा थेट तोंडावर येतो. म्हणून आधी आग काढावी आणि बंब निवू द्यावा.

दुसरे पथ्य हल्ली जास्त मोडले जाते. बंब हे उघडे भांडे आहे. भरायच्या तोंडातून वाफ सुटते म्हणूनच तो सुरक्षित आहे. पाण्याची वाफ झाली की ती सोळाशे पटींहून अधिक जागा मागते. गच्चीवरच्या टाकीला बंब जोडून ‘घरचा गीझर’ करणारे ते तोंड बंद करतात आणि दोन्ही बाजूंना कॉक बसवतात. असा बंद डबा आगीवर ठेवणे म्हणजे घरात स्फोटक ठेवणे होय. जोडायचाच असेल, तर बंबाच्या माथ्यावरून निघालेली हवेची नळी टाकीतल्या पाण्याच्या पातळीच्याही वर उघडी सोडावी आणि त्या नळीवर कॉक कदापि बसवू नये. साधा पीव्हीसी पाइप ६० अंशांच्या पुढे मऊ पडतो, म्हणून गरम पाण्याला लोखंडी किंवा तांब्याची नळी घ्यावी.

नवा बंब पहिल्यांदा पेटवला की नळीतून थेंब गळून निखाऱ्यावर चुरचुरतात, आणि घरच्यांना बंब गळका निघाल्यासारखे वाटते. बहुधा ती लाकडातली वाफ असते, गार पत्र्यावर जमलेली. पाणी कोमट झाले की ती थांबते. त्यानंतरही गळत राहिले तर डाग द्यावा. पाणी उकळीला येण्याआधी बंब गुणगुणतो. तेवढ्यावर जळण घालणे थांबवावे, आंघोळीला उकळते पाणी लागत नाही. बादलीत आधी विसण, म्हणजे गार पाणी घ्यावे, मग कढत पाणी. उलटे केल्याने लहान मुले भाजतात.

या भागातले बोअरचे पाणी जड असते. ते तापले की क्षार सुटून नळीवर पांढरा थर धरतात, आणि मग तितक्याच पाण्याला जास्त लाकूड लागते. वर्षाकाठी एकदा चिंचेच्या किंवा लिंबाच्या पाण्याने आतून खरवडावे. बाहेरून तांबे चिंच-मिठाने लखलखते. नरकचतुर्दशीच्या आदल्या संध्याकाळी बंब असाच घासतात, भरून ठेवतात, त्याला हळदकुंकू लावून झेंडूची माळ घालतात. पहाटेच्या अभ्यंगस्नानाला जाळ करायचा तेव्हा ती माळ आधी उतरवावी लागते.